अंपायरचा 'न' कुठे गेला?

(ऐकण्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना होणारी पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

आज इंग्रजी शब्दांबद्दल बोलायचंय. घाबरू नका, स्पेलिंगच्या स्पर्धेतले शब्द नाहीत. हॅलो, न्यूज, अंपायर, एप्रन, नाइस असे, जे आपण मराठी बोलतानाही दिवसातून दहा वेळा वापरतो आणि परके आहेत हेही विसरून जातो.

निमित्त आहे आपल्या एका श्रोत्या बाईंच्या पत्राचं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. परिपाठाच्या वेळी फळ्यावर सुविचाराच्या शेजारी रोज एक इंग्रजी शब्द आणि त्याची जन्मकथा लिहायची, असा त्यांनी क्रम ठेवलाय. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारी मुलं या गोष्टीसाठी मान वर करतात, असं त्या लिहितात. मला फार आवडलं हे. पण मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "बाई, हे खरं कशावरून?" आणि बाईंकडे उत्तर नव्हतं, कारण सगळ्या जन्मकथा आल्या होत्या व्हॉट्सॲपवरून. मग त्यांनी मला पाच गोष्टी पाठवल्या आणि विचारलं, यातल्या कुठल्या ठेवू आणि कुठल्या पुसू?

बाई, स्पष्टच सांगते. साडेचार पुसा, अर्धी ठेवा. पण त्यांच्या जागी लिहायला मी जास्त चांगल्या गोष्टी देणार आहे आणि त्या पोराला सांगण्यासारखं 'कशावरून'ही देणार आहे. त्याचा प्रश्न शंभर नंबरी आहे.

पहिली गोष्ट हॅलोची. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं म्हणे, त्याने पहिला फोन तिला केला आणि नाव घेऊन हाक मारली. तुमच्याही कुटुंबाच्या ग्रुपवर ही आली असेल, खाली गुलाबाच्या फुलासकट. आता बघा, बेलचं लग्न १८७७ साली झालं ते मेबल हबर्ड हिच्याशी. १० मार्च १८७६ ला तारेवरून गेलेलं पहिलं वाक्य त्याने आपल्या मदतनिसाला, वॉटसनला उद्देशून म्हटलं होतं, आणि त्यात हॅलो नाही. उलट फोनवर काय म्हणावं याबद्दल बेलचं स्वतःचं मत 'अहॉय' असं होतं. ती खलाशांची हाक. हॅलो म्हणा असं सुचवणारा माणूस होता थॉमस एडिसन, त्याचं १८७७ सालचं तसं पत्र आहे. आणि शब्द त्याने घडवलेला नव्हताच. पन्नासेक वर्षं आधीपासून तो अमेरिकेत छापून येत होता, 'हॅलो', 'हलो', 'हॉलो' अशा लांबून मारायच्या हाकांच्या कुटुंबातला. बेलचं चाललं असतं तर आज आपण फोन उचलून 'अहॉय' म्हटलं असतं. मराठी घरांत 'अहो' चालतच होतं म्हणा. (हा विनोद आहे हं. अहो आणि अहॉय यांचं नातं जोडून कृपया पुढे पाठवू नका.)

दुसरी न्यूज. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांकडून येते ती न्यूज. दिसायला किती छान जमलंय! पण न्यूज म्हणजे 'न्यू' या शब्दाचं जुनं अनेकवचन, बस्. नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातमीला 'नूव्हेल' म्हणतात, म्हणजे नवीच. आपण तरी भेटल्यावर काय विचारतो? "काय नवीन?" आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला 'न्यू' आणि आपला 'नव' हे खरोखरचे चुलत भाऊ आहेत. तेव्हा बाई, दिशा पुसा आणि तिथे 'नव' लिहा.

तिसरी पॉश. यावर जरा थांबते, कारण ही गोष्ट आपल्या मुंबईपर्यंत येते. इंग्लंडहून बोटीने हिंदुस्थानात येणाऱ्या साहेबांना उन्हाचा त्रास नको म्हणून जाताना जहाजाच्या डाव्या बाजूची खोली हवी असायची आणि परतताना उजव्या. डावी म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. या चार शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापलेली असत आणि असं तिकीट परवडणारा तो पॉश. भूगोल बरोबर आहे, ऊन बरोबर आहे, साहेबांचे नखरेही बरोबर आहेत. फक्त असं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. ज्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींची ही गोष्ट सांगतात, तिच्या जुन्या कागदपत्रांतही त्याचा मागमूस नाही. हजारो माणसं वर्षानुवर्षं प्रवास करत होती, त्यातली कितीतरी तिकिटं, पत्रं, रोजनिश्या जपून ठेवलेल्या आहेत. नेमकं हेच तिकीट कुणी जपू नये?

इथे त्या मुलासाठी एक कसोटी सांगते. आद्याक्षरं जोडून शब्द तयार करण्याची सवय मुख्यतः विसाव्या शतकातली. महायुद्धं, लष्कर, सरकारी खाती यांनी ती लावली. रडार हा असा खरा शब्द, लेझर हाही. पण त्याआधीचा एखादा रोजचा शब्द आद्याक्षरांतून आला असं कुणी सांगितलं, तर नव्वद टक्के वेळा ती थाप असते. टिप म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' ही तशीच. टिप हा शब्द सतराव्या शतकात चोरांच्या बोलीत 'दे, सरकव' या अर्थाने होता. सरकवणे! टेबलावरच्या बशीखाली आपण करतो तेच.

आणि दुसरी कसोटी, जास्त महत्त्वाची: तारीख. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश ज्या पद्धतीने झाला, ती याच प्रश्नावर उभी आहे. शब्द पहिल्यांदा कुठे लिहिलेला सापडतो, कोणत्या साली, कोणत्या अर्थाने? देशभरातल्या सामान्य वाचकांनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्या लिहून पाठवल्या. जेम्स मरे यांनी अंगणात पत्र्याची खोली बांधून त्या लावल्या. पहिला भाग १८८४ साली आला आणि काम पुरं झालं १९२८ साली, मरे गेले त्यानंतर. आपल्याकडे कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्ति कोश १९४६ साली आला. आपले शब्द आले कुठून, हे मराठीतून शोधायचं तर आजही हात त्याच्याकडेच जातो. शाळेच्या कपाटात असेल तर, बाई, जरा धूळ झटका त्याची.

चौथी गोष्ट सॅलरीची, ती अर्धी पास झालेली. लॅटिन 'सालारियुम' हा शब्द 'साल' म्हणजे मीठ यावरून आला, हे पक्कं. पण रोमन सैनिकाला महिनाअखेर मिठाची पिशवी देत होते, असं सांगणारा एकही जुना लेख नाही. ती पुढच्या लोकांनी भरलेली जागा. फळ्यावर एवढंच लिहा की पगारात मीठ आहे. आणि त्याखाली हेही लिहा की आपला 'पगार' पोर्तुगीज आहे, तिकडे 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. चावी, साबण, बटाटा, अननस, फीत, इस्पितळ, सगळी त्याच गलबतातून उतरलेली मंडळी.

पाचवी गोष्ट मी मुद्दाम शेवटाला ठेवलीये. त्याआधी अंपायर.

इंग्रजीत एक 'ए' आणि 'ॲन'ची भानगड असते, ती आठवते ना? व्यंजनापुढे ए, स्वरापुढे ॲन. ए बुक, ॲन ॲपल. आता कल्पना करा की चौदाव्या शतकात तुम्ही इंग्लंडमध्ये आहात, लिहायला-वाचायला येत नाही, सगळं कानावरच. कुणीतरी म्हणतं, 'ए नंपायर'. तुम्हाला ऐकू येतं 'अनंपायर'. ते 'अ नंपायर' की 'अन् अंपायर'? कोण सांगणार! मूळ शब्द होता जुन्या फ्रेंचमधला 'नॉनपेर'. नॉन म्हणजे नाही, पेर म्हणजे जोडीचा, बरोबरीचा. भांडणारे दोघे एकमेकांच्या जोडीचे, हा तिसरा कुणाच्याच जोडीचा नाही, विषम, म्हणून त्याने निवाडा करायचा. शब्दाचा अर्थ किती नेमका आहे बघा. तो इंग्रजीत आला 'नूंपेर' होऊन, आणि शे-दीडशे वर्षांत त्याच्या तोंडचा न शेजारच्या 'ए'ला जाऊन चिकटला. चोरी झाली ती झाली. त्यानंतर वानखेडेवर बोट वर करणारा तो अंपायर, बिनानकाराचा.

एप्रनचंही तेच. मूळ 'नॅप्रन'. फ्रेंचमध्ये टेबलावर अंथरायच्या कापडाला आजही 'नॅप' म्हणतात, त्याचं छोटं रूप 'नॅपरॉन'. ए नॅप्रनचं झालं ॲन एप्रन. पण त्याचा भाऊ नॅपकिन वाचला, त्याचा न शाबूत आहे. दोघांची आजी लॅटिन 'माप्पा', म्हणजे कापड. आणि या आजीचा तिसरा नातू कोण माहितीये? मॅप, नकाशा! जगाचा नकाशा कापडावर काढत, ते 'जगाचं कापड'. स्वयंपाकघरातला एप्रन, हॉटेलातला नॅपकिन आणि भूगोलाच्या तासाचा मॅप, तिघं एकाच घरातले. हे फळ्यावर काढून दाखवा बाई, वंशावळीसारखं.

एका सापाचाही न गेला. 'ॲडर' म्हणतात तो जुन्या इंग्रजीत 'नॅड्रे' होता. आणि उलटी चोरीही झाली. टोपणनावाला आधी 'ईकनेम' म्हणत. ईक म्हणजे आणखी, वरचं. ॲन ईकनेम, ॲन ईकनेम म्हणता म्हणता 'ए निकनेम' झालं. एकाने गमावलेलं दुसऱ्याला मिळालं, हिशेब जमला.

खरं कशावरून? तर जुन्या हस्तलिखितांत न असलेली आणि नसलेली अशी दोन्ही रूपं, तारखांनिशी सापडतात. शिवाय ज्यांच्याकडे ए-ॲनची भानगडच नाही त्या शेजाऱ्यांनी न जपून ठेवलाय. जर्मनमध्ये सापाच्या त्याच शब्दाचं आजही 'नाटर' आहे. साक्षीदार दोन, दोघे वेगवेगळ्या गावचे आणि जबानी एकच.

इथे तुमच्यापैकी काहींना संत्रं आठवलं असेल. नारंग हा शब्द आपल्याकडून निघाला, इराणात 'नारंग'च राहिला, अरबीत 'नारंज' झाला, स्पेनमध्ये 'नारान्हा', आणि इंग्रजीत पोचला तेव्हा 'ऑरेंज'. म्हणजे ए नॉरेंजचं ॲन ऑरेंज? पुष्कळ ठिकाणी असंच छापलेलं असतं. पण तारीख विचारा! इंग्रजीत न असलेलं रूप कधी रुजलेलंच नव्हतं. न वाटेतच पडला होता, इटली-फ्रान्सच्या बाजूला. तिकडेही 'एक' म्हणायला 'उन', 'उना' असे शेवटी न वाजणारे शब्द आहेत, त्यांनी तो गिळला. चोरी तीच, चोर दुसरा. एक आणखी: या फळाची ओळख होण्याआधी इंग्रजांकडे त्या रंगाला स्वतंत्र नावच नव्हतं, 'पिवळा-तांबडा' म्हणत. ऑरेंज हे रंगाचं नाव म्हणून सोळाव्या शतकात आलं. म्हणून तर त्यांच्याकडे नारिंगी केसांच्या माणसाला अजून लाल केसांचा म्हणतात.

आता पाचवी गोष्ट. 'डे' हा शब्द आपल्या 'दिवस'वरून आला. बाईंना ही सर्वांत खरी वाटत होती, आणि मला पुसायला सर्वांत वाईट वाटतंय. कारण सगळं जुळतंय. अर्थ जुळतो, पहिलं अक्षर जुळतं, आणि संस्कृत आणि इंग्रजी एका कुळातल्या भाषा आहेत हेही खरं. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातल्या भाषणात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एक असावा असं मांडलं आणि तिथून हा अभ्यास उभा राहिला. एका कुळातल्या म्हणजे बहिणी हं, आई-मुलगी नव्हे. इंग्रजी संस्कृतातून निघालेली नाही, दोघींची आई तिसरीच आणि ती आता हयात नाही.

मग डे आणि दिवस भाऊबंद का नाहीत? कारण खरं नातं सारखेपणावर ठरत नाही, नियमावर ठरतं. परीकथावाले ग्रिम बंधू माहितीयेत ना, त्यांच्यातला याकोब ग्रिम भाषेचा मोठा पंडित. त्याने १८२२ साली दाखवून दिलं की इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात काही आवाज शिस्तीने बदलले. आपल्याकडे प, तिकडे फ: पाद आणि फुट, पितृ आणि फादर. आपल्याकडे त, तिकडे थ: त्रि आणि थ्री. आणि आपल्याकडे मूळचा द असेल, तर तिकडे ट. द्वि आणि टू. दश आणि टेन. दंत आणि टूथ. पाढ्यासारखं आहे हे. म्हणजे दिवसचा भाऊ इंग्रजीत शोधायचा असेल, तर तो ट घेऊन यायला हवा. ड घेऊन आला की समजायचं, हा आपला नव्हे. इंग्रजीतला ड आपल्याकडच्या ध शी जुळतो: मधु आणि मीड ही मधाची दारू, विधवा आणि विडो.

कुणीतरी चाणाक्ष म्हणेल, मग दुहिता आणि डॉटर? तिथे संस्कृतातही आधी ध होता. एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण नकोत म्हणून पहिला हलका होऊन द झाला. हेही नियमाने, आणि तो मांडला हेर्मान ग्रासमान या जर्मन माणसाने, १८६३ साली. पेशाने हा गणिताचा शिक्षक, फावल्या वेळात ऋग्वेदाचं भाषांतर करणारा. असे लोक होते!

तर दिवसाचा ट वाला भाऊ आहे का इंग्रजीत? आहे ना. दिवस ज्या मुळापासून निघाला, प्रकाशणारं आकाश, त्याच मुळापासून आपला 'देव' निघाला. तोच देव जर्मन टोळ्यांमध्ये द चा ट होऊन 'टीव' नावाचा युद्धदेव झाला. रोमन लोकांचा मंगळाचा वार त्यांनी आपल्या टीवच्या नावाने चालवला आणि त्याचं झालं ट्यूजडे. म्हणजे बघा, ट्यूजडेमधल्या ज्या 'डे'वर आपण हक्क सांगत होतो तो आपला नव्हे, आणि ज्या 'ट्यूज'कडे कुणी बघतही नव्हतं त्यात देव बसलाय. शिवाय लॅटिनच्या रस्त्याने आलेली 'डायरी' ही दिवसाची सख्खी चुलत बहीण, कारण लॅटिनमध्ये द चा ट झालाच नाही. बाई, डे पुसा. ट्यूजडे लिहा. आणि मंगळवारीच लिहा.

थोडं अर्थांबद्दल. 'नाइस' हा शब्द लॅटिनमध्ये होता अडाणी, काही न जाणणारा. जाणणे या अर्थाचं जे क्रियापद त्यात आहे, त्यातूनच 'सायन्स' आलं. तर नाइस म्हणजे सायन्स नसलेला! इंग्रजीत तो तेराशेच्या सुमारास आला तेव्हा मूर्ख म्हणून आला, मग नाजूक-चोखंदळ झाला, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकात येऊन छान झाला. 'सिली'चा प्रवास उलटा. आधी तो सुखी, देवाची कृपा असलेला, मग भोळा, मग बिचारा, मग मूर्ख.

हे वाचलं की मला कायम आपला अशोक आठवतो. तो स्वतःला शिलालेखांत 'देवानांपिय' म्हणवतो, देवांचा लाडका. त्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यालाही सापडले, पहिला १८८२ साली. पण पुढच्या काळात संस्कृत पंडितांच्या लेखी 'देवानांप्रिय' म्हणजे काय? मूर्ख! व्याकरणाच्या ग्रंथांत तशी नोंद आहे. हुबेहूब सिलीचीच वाट, तिकडे इंग्लंडशी काही संबंध नसताना. आणि त्याच लेखांत 'पासंड' हा शब्द कुठल्याही धर्मपंथासाठी आहे, सगळ्या पासंडांचा आदर करा असं तो सांगतो. आज कुणाला पाखंडी म्हणून बघा.

म्हणून कुणी वादात म्हणालं ना, की 'या शब्दाचा मूळ अर्थ अमुक, तेव्हा खरा अर्थ तोच', तर ऐकून घ्या आणि चहा मागवा. शब्दाचा आजचा अर्थ म्हणजे आज लोक ज्या अर्थाने वापरतात तो. मूळ अर्थ हा त्याचा पूर्वजन्म. माहीत असावा, पण त्यावरून आत्ताची मालमत्ता मागता येत नाही.

मटण राहिलं. फ्रेंच मेंढीचं इंग्लंडमार्गे आपल्याकडे बोकड कसं झालं, ही गोष्ट मोठी आहे, पुढच्या भागात घेते.

जाता जाता एक शब्द, त्या सातवीतल्या मुलासाठी. मंगूस. इंग्रजीतला हा शब्द कुठून आला, असं ऑक्सफर्डवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात, मराठीतून. मुंगूस. सतराव्या शतकाच्या शेवटी, पश्चिम किनाऱ्यावर फिरणाऱ्या प्रवाशांच्या लिखाणातून तो तिकडे गेला. कन्नडात मुंगुसी, तेलुगूत मुंगिस, म्हणजे दख्खनच्या या सगळ्या शेजाऱ्यांचा तो सामाईक. त्यातल्या शेवटच्या 'गूस'चा इंग्रजी बदकाशी, म्हणजे हंसाशी, काही संबंध नाही. म्हणून गूसचं अनेकवचन गीस होतं, तसं मंगूसचं मंगीस होत नाही, मंगूसेस होतं. परीक्षेत इंग्रज पोरांचाही इथे मार्क जातो.

तुमच्या भागात मुंगसाला आणखी काही म्हणत असतील तर नक्की कळवा, गावाच्या नावासकट. भेटू पुढच्या भागात, मटण घेऊन. नमस्कार.